जलाशयात सोडून दिलेल्या नावा : बुडवाव्यात, विकाव्यात की काठावर तोडाव्यात?

नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत उतरून गोसीखुर्दच्या जलाशयात साचते, हे भंडारा जिल्ह्यातील ढिवर (मच्छीमार) बांधवांना नव्याने सांगण्याची गरज नाही. अशा पाण्यात जलपर्णीखाली अडकलेले पत्र्याचे डोंगे, फुटलेल्या फायबरच्या नावा किंवा काम संपल्यावर कंत्राटदाराने टाकून दिलेला लोखंडी तराफा यांची विल्हेवाट कशी लावावी, असा विषय मच्छीमार संस्थेच्या सभेपुढे आल्यास तीन पर्याय उरतात : खोल पाण्यात बुडवणे, आहे त्या जागी भंगारवाल्याला विकणे किंवा संस्थेने स्वतः काठावर ओढून तोडणे.

बुडवण्याला खर्च जवळजवळ नाही आणि माशांना आडोसा मिळेल असा युक्तिवादही त्याच्या बाजूने केला जातो. अमेरिकेने २००६ मध्ये ओरिस्कनी ही विमानवाहू नौका याच हेतूने फ्लोरिडाजवळ बुडवली खरी, परंतु त्याआधी तिच्या सफाईवर आणि तयारीवर झालेला खर्च कोट्यवधी डॉलरच्या घरात गेला. उलट, ॲस्बेस्टॉस असलेली साओ पावलो ही जुनी विमानवाहू नौका तुर्कस्तानने तोडण्यासाठी घेण्यास नकार दिल्यानंतर ब्राझीलने फेब्रुवारी २०२३ मध्ये किनाऱ्यापासून सुमारे ३५० किलोमीटरवर, सुमारे ५,००० मीटर खोल समुद्रात बुडवली, आणि त्यावर जगभर टीका झाली. आपल्या जलाशयात ती खोलीही नाही. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडवलेला सांगाडा वर येतो, पाणी भरलेले असताना त्यात जाळी फाटतात, आणि जुन्या रंगातील शिसे ज्या पाण्यात उतरते तेच पाणी काठावरची गावे वापरतात. हा पर्याय विचारातही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागेवर विक्री केल्यास रोख रक्कम लगेच हाती येते, ही तिची एकमेव जमेची बाजू. खरेदीदार इंजिन, तांबे आणि चांगला पत्रा नेतो. गाळात रुतलेला तळ, उरलेले डिझेल आणि फायबरचे तुकडे तेथेच राहतात. शिवाय विकण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पैशापेक्षा मोठा आहे. रिओ दि जानेरोच्या ग्वानाबारा या प्रदूषित उपसागरात मालकांनी सोडून दिलेली जहाजे वर्षानुवर्षे पडून आहेत. त्यांपैकी २०१६ पासून नांगरून ठेवलेले साओ लुईझ हे मालवाहू जहाज १४ नोव्हेंबर २०२२ रोजी वादळात सुटले आणि रिओ-नितेरोई पुलावर जाऊन आदळले. मालकीचा तिढा सुटेपर्यंत हात लावायचा नाही, या भूमिकेचीही किंमत मोजावी लागते, ती अशी. कंत्राटदाराचा तराफा संस्थेने परस्पर विकला, तर मात्र चोरीचा ठपका येऊ शकतो. म्हणून कोणताही मार्ग निवडला तरी तलाठ्यासमोर पंचनामा आणि जलसंपदा विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी.

तिसरा मार्ग कष्टाचा आहे, तरीही लोखंडी वस्तूंसाठी तोच योग्य ठरतो. गुजरातमध्ये अलंग येथे १९८३ पासून जहाजे तोडली जातात, कारण खंभातच्या आखातातील मोठी भरती जहाज थेट किनाऱ्यावर आणून ठेवते. परंतु तेथील चिखलात मिसळणारे तेल आणि कामगारांचे मृत्यू यांमुळे ही पद्धत कायम वादात राहिली. २६ जून २०२५ पासून लागू झालेल्या, जहाजतोडणीविषयीच्या आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करारानुसार जहाजावरील घातक पदार्थांची यादी असणे बंधनकारक आहे. गोसीखुर्दला भरती नाही, ट्रॅक्टर आणि चेन-पुली आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरल्यावर डोंगे ओंडक्यांवरून सरकवत पूर्ण भरणा पातळीच्या वर आणावेत. उघड्या पडलेल्या गाळातच ते तोडणे सोयीचे वाटते, पण त्या जमिनीवर गाळपेर (पाणी उतरल्यावर गाळात घेतले जाणारे पीक) होते आणि पावसाळ्यात पाणी परत चढते.

तोडण्यापूर्वी डिझेल, ऑइल आणि बॅटरी काढून वेगळी ठेवावी. तराफ्याच्या बंद टाक्यांची झाकणे उघडून, आत पाणी भरूनच गॅस कटर लावावा. पाकिस्तानातील गडानी येथे १ नोव्हेंबर २०१६ रोजी तेलवाहू जहाज तोडताना झालेल्या स्फोटात किमान २६ कामगार दगावले, आणि रिकाम्या टाकीतील वाफ आकार पाहून पेटत नाही. लाल प्राइमर (शिसे असू शकणारा अस्तराचा रंग) असलेल्या भागावर कटर चालवताना मजुरांना मास्क द्यावा आणि वारा धूर ज्या बाजूला नेतो तिकडे कोणाला उभे राहू देऊ नये. निघालेले लोखंड वजन करून विकता येते व ते पुन्हा वितळून सळई होते. (जुनी विक्रांत युद्धनौका मुंबईत तोडल्यावर तिचे पोलाद बजाजने मोटरसायकलीत वापरले होते.) लाकडी डोंग्याचा निकाल सोपा आहे : खिळे काढून घ्यावेत, मात्र डांबर लावलेले लाकूड चुलीत घालू नये.

खरी अडचण फायबरच्या नावांची आहे. त्यातील काचेचे तंतू धरून ठेवणारे रेझिन (राळेसारखा चिकट पदार्थ) एकदा घट्ट झाले की वितळत नाही, कापताना काचेची धूळ श्वासात जाते आणि जाळल्यास विषारी धूर होतो. भंगारवालाही त्याला भाव देत नाही. सिमेंटच्या भट्टीत रेझिन इंधन म्हणून जळते आणि काच सिमेंटमध्येच सामावते, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंट कारखाने आहेत. परंतु दोन-चार नावांसाठी कोणताही कारखाना भट्टीचे दार उघडणार नाही. म्हणून जलाशयावरील संस्थांनी आपापल्या नावा एका ठिकाणी जमवून, मोठा साठा झाल्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्फत कारखान्याशी बोलणी करावीत, आणि तोपर्यंत त्या न कापता भरणा पातळीच्या वर पालथ्या घालून ठेवाव्यात.