दाखल क्रमांक ३-११७ आणि पोस्टग्रेसची फुकट मदत

आमचं तालुक्याचं 'ब' वर्गाचं वाचनालय. पुस्तकं ३८ हजार, माणसं चार, आणि संगणकाचं सगळं माझ्याकडे, कारण एमएस-सीआयटी सगळ्यांत आधी मी केली होती. पुढचं सगळं अडत अडत शिकले. पुस्तकांच्या नोंदी पोस्टग्रेस या फुकट मिळणाऱ्या डेटाबेसमध्ये आहेत.

मागच्या पावसाळ्यात जुनं मशीन कुरकुरायला लागलं म्हणून नवं घेतलं. चार दिवसांनी देवघेवीच्या खिडकीतून हाक आली, "मॅडम, ३-११७ माझ्या हातात आहे आणि संगणक म्हणतोय असं पुस्तकच नाही!" पूर्ण यादी काढली तर पुस्तक यादीत होतं. क्रमांक टाकून शोधलं की गायब. सगळी पुस्तकं नाहीत, देणगीतलीच काही. त्यांचे दाखल क्रमांक मध्ये आडवी रेघ देऊन लिहायची आमची जुनी पद्धत आहे.

वार्षिक देखभालीचे पैसे ज्यांना भरतो त्यांना कळवलं. तिकीट क्रमांक मिळाला, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे असं कळलं, आणि तिसऱ्या दिवशी 'कॅशे क्लिअर करून पाहा' एवढं लिहून तिकीट बंद. मी ते करून पाहिलंय, हे माझ्या पत्राच्या दुसऱ्याच ओळीत होतं.

मग पोस्टग्रेसच्या 'जनरल' मेलिंग लिस्टवर लिहिलं, म्हणजे एक ईमेल केली की ती सगळ्या सभासदांना जाते तिथे. पैसे शून्य, उत्तर देणारे जगभरचे लोक, कुणाचंही कुणावर बंधन नाही. ही त्या मदतीची हकिकत.

मी 'आदरणीय महोदय'पासून सुरुवात करून दीड पान लिहिलं होतं. एका गृहस्थांचं उत्तर त्याच रात्री आलं. माझ्या दीड पानातली एकच ओळ त्यांनी वर ठेवली होती, 'मशीन बदलल्यापासून असं होतंय' ही. बाकी सगळं कापलेलं. त्या ओळीखाली तीन प्रश्न: जुन्या मशीनवर लिनक्स (मशीन चालवणारी प्रणाली) कोणतं, नव्यावर कोणतं, आणि डेटा डंप काढून (म्हणजे नोंदी एका फाइलमध्ये उतरवून) पुन्हा भरला की फोल्डरच उचलून ठेवलं? खाली नाव. संपलं. आधी मला ते तुटक वाटलं. आपल्याकडे निदान 'कळावे' तरी लिहितात. पण उत्तर द्यायला बसले तेव्हा लक्षात आलं की मला शोधावं असं काही लागलंच नाही. काय विचारलंय आणि कशावरून विचारलंय, दोन्ही डोळ्यांसमोर होतं.

जुन्यावर डेबियन या लिनक्सची ९ वी आवृत्ती होती, नव्यावर १० वी. आणि मशीन बसवणाऱ्याने फोल्डर जसंच्या तसं उचलून ठेवलं होतं.

दुसरं उत्तर दुसऱ्याच माणसाचं. त्यांनी 'हेच कारण आहे' असं ठोकून दिलं नाही. म्हणाले, दोन्ही मशीनवर '१-१' आणि '११' या दोन ओळी सॉर्ट करून बघा. जुन्यावर ११ आधी येईल, नव्यावर १-१. अडगळीतलं मशीन पुसून लावलं. तस्संच आलं! लिनक्सच्या ग्लिबसी या लायब्ररीत (आमच्यासारखी नव्हे, अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) २०१८ साली, २.२८ या आवृत्तीपासून, मजकूर क्रमाने लावायचे नियम बदलले. आमचा इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन सापडावी म्हणून डेटाबेस ठेवतो ती क्रमवार सूची, जुन्या नियमाने लावलेला आणि शोध नव्या नियमाने. कपाट जुन्या अनुक्रमाने लावलंय आणि शिपाई नव्या अनुक्रमाने हात घालतोय, म्हणजे पुस्तक असून मिळणार नाही. डंप काढून भरला असता तर इंडेक्स नव्याने बांधले गेले असते आणि हे घडलंच नसतं.

इलाज एका शब्दाचा: रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं. पण तो सांगताना त्यांनी वर एक ओळ लिहिली होती, आधी बॅकअप घ्या आणि दुबार क्रमांक शोधा, नाहीतर युनिक इंडेक्स (एक क्रमांक दोनदा न घेणारा) बांधताना अडेल. दुबार? आमच्याकडे? शोधले तर १७ निघाले. पुस्तक 'नाही' म्हटल्यावर खिडकीवरच्या मुलाने इमानदारीत नवी नोंद केली होती, आणि बिघडलेल्या इंडेक्सने ती निमूट घेतली होती. ही एक ओळ नसती तर मी रात्री नऊला लाल अक्षरांकडे बघत बसले असते.

आता माझे प्रताप. पहिलं उत्तर मी सगळ्यात वर लिहिलं, खाली आधीचा अख्खा पत्रव्यवहार तसाच, आणि शेवटी वाचनालयाचा ११ ओळींचा गोपनीयतेचा मजकूर. इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचं आरएफसी १८५५ हे टिपण १९९५ पासून सांगतंय की सही चार ओळींपेक्षा मोठी नको. शिवाय पत्र गेलं फक्त त्या एका गृहस्थांना. त्यांनी आधी माझ्या शंकेचं उत्तर दिलं आणि मग शेवटी लिहिलं, 'रिप्लाय ऑल करत जा, बाकीच्यांनाही दिसेल.' हा क्रम मला फार आवडला. आधी काम, मग कान.

गंमत म्हणजे डेबियनच्या मेलिंग लिस्टवर नेमका उलटा नियम आहे: उत्तर लिस्टवर द्या, विचारणाऱ्याने मागितल्याशिवाय त्याला वेगळी प्रत पाठवू नका. एका घरी ताटात घास ठेवणं सभ्यपणा, दुसऱ्या घरी अन्नाचा अपमान. तेव्हा लिहिण्याआधी त्या घरची जुनी दहा-वीस पत्रं वाचावीत. सगळी उघडी असतात.

आणि उघडी असतात हीच माझी अर्ध्या गुणाची तक्रार. माझं ते मोडकंतोडकं इंग्रजी आता कायमचं तिथे राहणार. इंग्रजीशिवाय सोय नाही, अमुक वेळेत उत्तर येईल याची हमी नाही, खिडकीवर रांग असेल तर ही मदत उपयोगाची नाही. पाचपैकी साडेचार.

काम झाल्यावर मी 'थँक्यू' लिहून सुटणार होते. मग वाटलं, पुढच्याला काय कळणार? म्हणून काय केलं, १७ नोंदी कशा काढल्या, किती वेळ लागला, ते त्याच धाग्यात लिहिलं.

गेल्या महिन्यात कुणीतरी विचारलं की देवनागरी याद्यांमध्ये ळ भलत्याच जागी येतो. म्हटलं, हे आपलं! युनिकोडने प्रत्येक अक्षराला दिलेल्या आकड्यांप्रमाणे लावलं तर ळ लगेच ल नंतर येतो. मराठीत तो ह नंतर, मग क्ष, ज्ञ. पोस्टग्रेस १० पासून आयसीयू या लायब्ररीचं मराठी कोलेशन (अक्षरं क्रमाने लावायचे नियम) मिळतं, ते लावा, असं लिहिलं. आधी स्वतः चालवून पाहिलं, आवृत्ती लिहिली, उत्तर खाली लिहिलं, बाकी कापलं, रिप्लाय ऑल केलं. तासाभरात एकाने माझी एक ओळ ठेवून खाली भर घातली: इंडेक्सही त्याच कोलेशनने बांधा, नाहीतर तो क्रम लावताना वापरला जाणार नाही. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आमचाही बांधून टाकला.