सोलर आधी की बोअरचं पुनर्भरण? सोसायटीच्या कमिटीसाठी एक हिशेब

पुण्यातली वीसेक वर्षं जुनी सोसायटी डोळ्यांसमोर आणा. तीन विंग, साठ फ्लॅट, पाचशे चौरस मीटर गच्ची. कॉमन मीटरचं बिल महिन्याला अडीच हजार युनिटांच्या आसपास आणि मार्चपासून दारात टँकर. कमिटीला ‘काहीतरी ग्रीन’ करायचंय, पण फंड एकाच मोठ्या कामापुरता आहे. अशा वेळी बैठकीत पहिला शब्द निघतो तो सोलर, कारण सोलरवाला येऊन स्लाइड दाखवून गेलेला असतो. गळक्या फ्लशची स्लाइड दाखवायला कोणी येत नाही.

सोलरचं गणित खरोखरच चांगलं आहे. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये हा आकडा बराच खाली येतो, उन्हाळ्यात भरून निघतो. म्हणजे अडीच हजार युनिटांसाठी वीस किलोवॅट. किलोवॅटला 50 ते 60 हजार धरले तर दहा-बारा लाख. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18 हजार रुपये अनुदान आहे, म्हणजे 3 लाख 60 हजार वजा. युनिट दहा रुपयांचं धरलं तर सव्वादोन ते तीन वर्षांत पैसे वसूल.

पण हे गणित आजच्या बिलावर मांडलेलं आहे, आणि आजचं बिल फुगलेलं आहे. जिने आणि पार्किंगमधल्या साठ जुन्या ट्यूब चोकसकट पन्नासेक वॅट खातात. वीस वॅटच्या एलईडी लावल्या, त्या बारा तास जळतात असं धरलं, तर महिन्याला साडेसहाशे युनिट वाचतात. खर्च वीस हजारांच्या आत, वसुली तीन महिन्यांत. टाकी भरल्यावर पंप आपोआप बंद करणारा लेव्हल कंट्रोलर बसवला की वीजही वाचते आणि गच्चीवरून धो-धो वाहणारं पाणीही. त्यानंतर मोजलं तर वीसऐवजी पंधरा किलोवॅट पुरतात. पॅनेलवरचे अनुदान वजा जाता दोनेक लाख तिथेच वाचतात. या कामासाठी चर्चा नको. सेक्रेटरींनी इलेक्ट्रिशियनला बोलवावं एवढंच.

सोलरला हो म्हणण्याआधी तीन प्रश्न मात्र विचारा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी झालंय? पॅनेलचा सांगाडा उभा राहिल्यावर गळती निघाली तर तो उतरवण्याचा खर्च वेगळा. तिन्ही विंगना वेगळे कॉमन मीटर आहेत का? नेट मीटर, म्हणजे बाहेर दिलेली वीज बिलातून वजा करणारा मीटर, कोणत्या जोडणीवर बसणार आणि तिचा मंजूर भार किती, हे महावितरणकडून आधी कळायला हवं. आणि रीडेव्हलपमेंटची कुजबुज चालू आहे का? पाच वर्षांत इमारत पडणार असेल तर एवढी गुंतवणूक कशाला? शिवाय साधं, बॅटरी नसलेलं सोलर वीज गेली की बंद पडतं, त्यामुळे ‘आता जनरेटर नको’ असं कोणी म्हटलं तर त्यावर विसंबू नका.

आता पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटर धरला, वीस टक्के गळती-उडती वजा केली, तर आपल्या गच्चीवरून 2 लाख 80 हजार लिटर उतरतं, म्हणजे दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर. टँकर दीड हजाराचा धरला तर 42 हजार रुपये. सोलरच्या बचतीपुढे हे किरकोळ वाटेल, आणि तेही पूर्ण हाती येत नाही. पाऊस पडतो तेव्हा धरणाचं पाणी पुरेसं असतं, एवढं साठवायला टाकी नसते, म्हणून ते गाळून बोअरमध्ये सोडायचं, हेच पुनर्भरण. खाली काळा कातळ. पाणी भेगांमधून जिकडे वाट मिळेल तिकडे जातं. तुमचं मुरवलेलं शेजारच्या सोसायटीच्या बोअरला लागलं तर भांडायची सोय नाही.

तरीही बोअर मे महिन्यात आटत असेल तर मी पुनर्भरणाला सोलरच्या आधी ठेवीन. वीज महाग झाली तरी मिळते. टँकर मेमध्ये पैसे हातात घेऊनही वेळेवर येत नाही. गच्चीचे पाइप एकत्र आणणं, फिल्टर, शोषखड्डा हे सगळं सोलरच्या तुलनेत थोडक्यात होतं. पहिल्या पावसाचं धुळकट पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह हवाच. पॅनेलवर पडलेलं पाणीही शेवटी त्याच पाइपातून येतं, त्यामुळे गच्चीसाठी दोघांत भांडण नाही.

ओल्या कचऱ्याचं खत पैशांच्या हिशेबात बसत नाही, हे आधीच मान्य करा. साठ घरांचा तीसेक किलो ओला कचरा. जाळीचे पिंप, आवारातला वाळका पालापाचोळा आणि रोज ढवळणारं एक माणूस एवढं पुरतं. ते माणूस नसेल तर आठवडाभरात वास आणि महिन्याभरात व्हॉट्सॲप ग्रुपवर बंड. चोवीस तासांत खत देणारं यंत्र घेऊ नका. ते कचरा तापवून वाळवतं, खत करत नाही, आणि वर वीज खातं. दिवसाला 100 किलोंहून जास्त कचरा होणाऱ्या मोठ्या संकुलांना तर निवडच नाही, त्यांच्यावर ओला कचरा आवारात जिरवण्याची जबाबदारी नियमानेच आहे.

सभासदांना पटवायला एक मुद्दा हाताशी ठेवा. पुणे महापालिका सोलर, पर्जन्यजल संधारण किंवा गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असेल तर मिळकतकरात 5 टक्के आणि दोन असतील तर 10 टक्के सवलत देते, अर्थात प्रकल्प चालू असेल तरच. ही सवलत प्रत्येकाच्या स्वतःच्या बिलात दिसते, त्यामुळे दुसऱ्या प्रकल्पाला हात वर होण्याची शक्यता वाढते.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. तिथे पुनर्भरण आणि वॉटरप्रूफिंग मंजूर करून घ्या. पावसाळा सरला की गच्ची दुरुस्त करा, पाइप आणि खड्डा मेअखेर उरका. एलईडीनंतरची सहा महिन्यांची बिलं तोवर हातात येतील. सोलरचं कोटेशन त्या बिलांवर मागवा.