एक लिटर की अडीच युनिट?

पेट्रोलची गाडी रात्री तासभर चालवून आलात की बॉनेटवर हात ठेवून बघा. चटका बसेल. तेवढंच अंतर कापून आलेल्या इलेक्ट्रिक गाडीचं बॉनेट फार तर कोमट लागतं. दोन्ही गाड्यांच्या ॲव्हरेजमधला फरक समजून घ्यायला याहून सोपा प्रयोग मला सापडलेला नाही. तो चटका म्हणजे तुम्ही पैसे मोजून भरलेलं पेट्रोल.

आकड्यांत सांगायचं तर एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे लाइट बिलावरचं तेच, एक किलोवॉट-तास. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १०० किलोमीटरला पावणेसात लिटरच्या आसपास, म्हणजे ६० युनिट खाते. तेवढ्याच आकाराची इलेक्ट्रिक गाडी हेच अंतर १५ ते १७ युनिटांत उरकते. रोजच्या वापरात इंजिनात जळलेल्या पेट्रोलपैकी जेमतेम पाव हिस्सा चाकाला लागतो, बाकीचा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून गरम हवा होऊन जातो. बॅटरीतून निघालेल्या विजेपैकी मात्र ८५ ते ९० टक्के चाकापर्यंत पोचते.

मग पेट्रोल इतकी वर्षं टिकलं कसं? वजनामुळे. ४० लिटरची टाकी फुल केली तर आतलं पेट्रोल भरतं सुमारे ३० किलो, आणि त्यात ऊर्जा ३६० युनिट. ४० युनिटची बॅटरी अडीचशे किलोच्या पुढे जाते. ताशी १०० किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडणारी मोटार १८९९ सालची, बेल्जियमच्या कामी जेनात्झीची, आणि तीही विजेवरचीच होती. पण लांब जायचं म्हटलं की बॅटरीचं ओझं आड यायचं. त्यात १९१२ साली कॅडिलॅक या अमेरिकी गाडीत विजेचा स्टार्टर आला, हँडल मारून इंजिन सुरू करायची कटकट संपली आणि पेट्रोलच्या गाडीचा मार्ग मोकळा झाला. तोही विजेच्याच मोटरने करून दिला, ही गंमत. आजही टाकीत बॅटरीच्या नऊपट ऊर्जा असते, पण पेट्रोलची गाडी जाते ६०० किलोमीटर आणि इलेक्ट्रिक अडीचशे. नऊपट शिदोरी घेऊन मजल मात्र अडीचपटीच्या आतच.

इथपर्यंत निकाल एकतर्फी वाटतो. तो तसा नाही, कारण ॲव्हरेज गाडीपेक्षा रस्त्यावर जास्त ठरतं.

गर्दीत पेट्रोलच्या गाडीचं सगळंच वाईट. सिग्नलला उभ्या गाडीचं इंजिन एसीसकट तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल पितं, आणि अंतर शून्य. इलेक्ट्रिक गाडी उभी असताना मोटर काहीच घेत नाही. फक्त एसीला तासाला एक-दीड युनिट जातं. शिवाय प्रत्येक ब्रेकला पेट्रोलची गाडी आपला वेग पॅड घासून उष्णतेत घालवते. इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की मोटर उलटी जनरेटर होते आणि त्यातली बरीच ऊर्जा बॅटरीत परत येते. घाट उतरताना मी मीटरवर ५३ टक्क्यांचे ५५ झालेले पाहिलेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीटर बिघडलाय असंच वाटलं. मात्र घाटमाथ्यावरूनच १०० टक्के चार्ज करून निघालात तर यातलं काही मिळत नाही. भरलेल्या माठात पाणी कुठे ओतणार?

हायवेला चित्र फिरतं. सत्तर-ऐंशीच्या एकसारख्या वेगात इंजिनाला नीट काम मिळतं, गिअर बदलावे लागत नाहीत, आणि पेट्रोलची गाडी शहरापेक्षा चांगलं ॲव्हरेज देते. इथे ब्रेक क्वचितच लागतो, त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीला परत मिळवायला फारसं काही उरत नाही, आणि वेग ८० वरून १२० वर नेला की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. पेट्रोलच्या गाडीलाही तो तेवढाच होतो, पण तिची उधळपट्टी आधीच एवढी मोठी असते की त्यात हा फरक तितकासा टोचत नाही. काटकसरीच्या घरात मात्र दहा-वीस रुपयांची भरही लगेच दिसते. कडाक्याच्या थंडीतही तेच: पेट्रोलच्या गाडीचा हीटर वाया जाणाऱ्या उष्णतेवर फुकट चालतो, इलेक्ट्रिकला ती ऊब बॅटरीतून विकत घ्यावी लागते आणि रेंज सरळ खाली येते. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढणारं यंत्र, असलेल्या गाड्यांत हा मार थोडा कमी बसतो.

कंपनीने छापलेल्या ॲव्हरेज-रेंजच्या आकड्यांवर मात्र जाऊ नका. ते प्रयोगशाळेत रोलरवर ठरावीक पद्धतीने गाडी पळवून काढलेले असतात. मी दोन्ही प्रकारांत पाव हिस्सा वजा करूनच हिशोब धरतो.

आता पैशाकडे. चार्ज करतानाही १० ते १५ टक्के वीज वाटेत जाते, म्हणून हिशोब गाडीच्या स्क्रीनवरून न करता भिंतीवरच्या मीटरवरून करावा. तसं धरलं तर युनिटला फार तर ६ किलोमीटर. म्हणजे पेट्रोलचं एक लिटर हे विजेच्या निदान अडीच युनिटांइतकं. तुमच्याकडे एका लिटरच्या किमतीत किती युनिटं येतात ते बघा. सात-आठ येत असतील तर किलोमीटरमागचा खर्च एक तृतीयांशावर येतो. तीनच येत असतील तर बचत नावापुरती. घरच्या मीटरवर पहिलं आणि रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर दुसरं, असं एकाच माणसाच्या बाबतीत होऊ शकतं. म्हणून गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे आपला प्लग नसेल तर इलेक्ट्रिकच्या बाजूचा निम्मा युक्तिवाद तिथेच संपतो. वेळेचाही प्रश्न आहेच. टाकी पाच मिनिटांत भरते. फास्ट चार्जरवर १० ते ८० टक्क्यांना अर्धा ते एक तास लागतो, आणि वरचे २० टक्के तर मुंगीच्या पावलाने चढतात.

प्रदूषणाबद्दल दोन्ही बाजूंचे लोक जरा जास्तच छातीठोक बोलतात. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे १०० किलोमीटरला १५ किलोच्या आसपास. वीज पूर्ण कोळशाची असेल तर इलेक्ट्रिक गाडीचा हिशोबही जवळपास तिथेच जातो, कारण जी उष्णता बॉनेटखाली वाया जायची ती आता वीजकेंद्राच्या धुराड्यातून जाते. पाणी, वारा, सूर्य यांचा वाटा वाढेल तसा तो आकडा उतरतो, आणि तोही तीच जुनी गाडी चालवत असताना. पेट्रोलच्या गाडीत असं कधी होत नाही. अर्थात बॅटरी बनवतानाच बराच कार्बन सुटलेला असतो, तो फिटायला गाडी पळावी लागते. दारात उभ्या राहणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीने पर्यावरणाचं भलं होत नाही.

देखभालीत इलेक्ट्रिक सरस: ऑइल, स्पार्क प्लग, क्लच काही नाही, ब्रेक पॅडही जास्त टिकतात. वजनामुळे टायर मात्र लवकर झिजतात. बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते. जुनी घेत असाल तर बॅटरीची क्षमता किती टक्के उरलीय ते लेखी मागा.

रोज चाळीस-पन्नास किलोमीटर, तेही गर्दीचे, आणि रात्री आपला प्लग असेल तर मी इलेक्ट्रिकच सांगेन. आठवडाभर उभी आणि महिन्यातून एकदा सहाशे किलोमीटर असा वापर असेल तर पेट्रोल, कारण इलेक्ट्रिकसाठी मोजलेली जादा किंमत तुम्ही कधी वसूल करणार नाही. प्लग नाही पण गर्दी आहे अशांनी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला छोटी बॅटरी आणि मोटर असलेली गाडी, चालवून बघावी. ब्रेकची ऊर्जा तीही थोडीफार परत घेते.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन दुपारच्या रिकाम्या रस्त्यावर नेईल. तुम्ही ऑफिसच्या वेळी, तुमच्याच रस्त्यावर, एसी लावून मागा. ट्रिप मीटर शून्य करा आणि निघताना व पोचल्यावर किती युनिट जळली ते स्क्रीनवरून टिपून ठेवा. पेट्रोलच्या गाडीलाही हाच नियम, फक्त पोचल्यावर बॉनेटला हात लावायला विसरू नका.