फिरतीच्या नोकरीचा लॅपटॉप: सॅकमध्ये काय टिकतं आणि काय नाही

आठवड्यातून एकदा पुणे, महिन्यातून एकदा अहमदाबाद नाहीतर दिल्ली, आणि रोजचं ठाणे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आहेच. अशा माणसाचा लॅपटॉप प्रोसेसर जुना झाला म्हणून क्वचितच बाद होतो. स्क्रीनच्या पॅनलला भेग जाते, बिजागरीजवळचं प्लॅस्टिक उचलतं, चार्जरची पिन हलवून हलवून लावावी लागते, नाहीतर पावसाळ्यात की-बोर्डच्या चार कळा मरतात. म्हणून फिरतीचं मशीन घेताना ‘किती ग्रॅमचं आहे’ याच्या आधी विचारायचं ते हे, की उघडता येतं का आणि आतला कुठला भाग सुटा मिळतो. या कसोटीवर लेनोवोचा थिंकपॅड टी१४ पुढे जातो आणि त्याच घराण्यातला एक्स१ कार्बन मागे पडतो, जरी काउंटरवर हातात घेतल्यावर मोह दुसऱ्याचाच होत असला तरी.

टी१४ची २०२४ सालची पाचवी पिढी घेऊ. वजन १.३१ किलोपासून सुरू. रॅमचे दोन सुटे स्लॉट, एसएसडी (फाइल साठवणारी डिस्क) सुटी, बॅटरी घरच्या घरी बदलता येईल अशी. उपकरणं उघडून ती किती दुरुस्त करता येतात ते तपासणाऱ्या आयफिक्सइट या साइटने दुरुस्तीसाठी तिला १० पैकी ९ गुण दिले होते. स्क्रू कुठले, कुठला भाग आधी काढायचा, हे सगळं सांगणारी सर्व्हिस मॅन्युअल कंपनी मोफत देते, त्यामुळे बाहेरच्या कारागिरालाही अंदाजाने पट्ट्या ओढाव्या लागत नाहीत. शिवाय इंटरनेटच्या वायरचा लॅन पोर्ट आहे, पूर्ण आकाराचा एचडीएमआय आहे आणि जुन्या पद्धतीचे दोन यूएसबी आहेत. हे शेवटचं सीए, कंत्राटदार आणि टेंडर भरणाऱ्यांना कळेल, कारण डिजिटल सहीचं टोकन अजून त्याच भोकात बसतं.

खोड काढायची तर दोन. चार्ज होणारे दोन्ही यूएसबी-सी पोर्ट डावीकडेच आहेत, त्यामुळे उजव्या भिंतीला सॉकेट असलं की वायर मागून वळवावी लागते आणि तो ताण रोज पोर्टवर येतो. दुसरी खोड विकण्यातली. बॅटरी ३९.३ आणि ५२.५ वॉट-अवर अशा दोन मापांत येते आणि स्वस्त कॉन्फिगरेशनमध्ये लहानच गळ्यात पडण्याची शक्यता जास्त. मेल, एक्सेल, ब्राउझर एवढ्यावर असं मशीन ६ ते ८ वॉट खातं. म्हणजे मोठ्या बॅटरीवर सात तासांच्या आसपास, लहानीवर पाच. व्हिडिओ कॉल सुरू झाला की खर्च दुपटीच्या घरात जातो, मग पाचाचे अडीच. बिलावर मॉडेल क्रमांकाशेजारी बॅटरीचं माप लिहून घ्या.

एक्स१ कार्बनची तेरावी पिढी ९८६ ग्रॅमपासून सुरू होते. वजनाच्या बाबतीत ती टी१४ला सहज हरवते, पण रॅम कायमची जडवलेली आहे. आज १६ जीबी घेतलंत तर ते शेवटपर्यंत १६. आणि वाचलेले सव्वातीनशे ग्रॅम जातात कुठे? जाड तीन पिनी वायरसकट जुन्या पद्धतीचा ६५ वॉटचा ॲडॅप्टर जवळपास तेवढाच भरतो. त्याऐवजी ६५ वॉटचा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, आकाराने लहान) चार्जर घेतला तर फोनही त्यावरच चालतो आणि वजन निम्म्यावर येतं. लॅपटॉपपेक्षा चार्जरमधून वजन काढणं स्वस्त पडतं.

मॅकबुक एअर, एम४ चिपचा १३ इंची, १.२४ किलो. पंखाच नाही, त्यामुळे धूळ ओढणारी जाळी नाही आणि बॅटरीबाबत विंडोजवाल्यांनी गप्प बसावं. मॅगसेफ या चार्जिंग वायरचं लोहचुंबकी टोक वायरला पाय अडकला की सुटून येतं. विमानतळावर जमिनीवर बसून चार्जिंग करणाऱ्याला त्याची किंमत कळते. पण रॅम आणि स्टोरेज दोन्ही कायमचं जडवलेलं, एचडीएमआय नाही, आणि हिशेबाचं टॅलीप्राइम लागत असेल तर विषय तिथेच संपतो, कारण ते विंडोजवर चालतं. एचपी एलिटबुक ८४० हाही भला पर्याय आहे. थोडा जड, पण सुटी रॅम मिळते.

आता जाहिरातीतल्या ‘मिलिटरी ग्रेड’ या शब्दाबद्दल. त्यामागे एका अमेरिकी मानकाचं नाव असतं. एमआयएल-एसटीडी-८१०एच हे अमेरिकी संरक्षण खात्याने २०१९ मध्ये सुधारलेलं चाचणी-पद्धतींचं पुस्तक आहे. पास-नापास ठरवून शिक्का मारणारी संस्था त्यामागे नाही. कुठल्या चाचण्या निवडायच्या ते कंपनीच ठरवते. त्यातली प्रसिद्ध पडण्याची चाचणी १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा असते, खाली दोन इंच जाडीचं प्लायवूड असतं आणि हे २६ आपटे पाच नगांपर्यंत वाटून देता येतात. दादर स्टेशनच्या जिन्याला प्लायवूड नसतं. शिक्का असलेलं मशीन वाईट असं नाही, पण दोन मशीनमध्ये निवड करायला तो उपयोगी नाही.

मुंबईत पडण्यापेक्षा दाबाने जास्त मशीन जातात. सकाळी ८.४० च्या लोकलमध्ये सॅक पोटाशी धरलेली असते, समोरच्याची कोपरं आणि मागच्याची छाती मिळून झाकणावर दाब येतो, आणि आत त्याच कप्प्यात चार्जरचा ठोकळा ठेवलेला असतो. दाब मग पूर्ण झाकणावर पसरत नाही, त्या ठोकळ्याच्या कोपऱ्यावर गोळा होतो. पॅनल तिथूनच तडकतं. झाकण आणि कळा यांच्यात जेमतेम कागदाएवढी फट असते, त्यामुळे कळांचे चौकोनी ठसे स्क्रीनवर उमटलेले दिसले तर समजा की इशारा मिळाला. चार्जर, माउस, डबा हे सगळं दुसऱ्या कप्प्यात, आणि लॅपटॉप पाठीच्या बाजूला.

सॅकचं आणखी एक: लॅपटॉपचा कप्पा तळापर्यंत शिवलेला असेल तर सॅक खाली टेकवताना कोपरा थेट फरशीवर आपटतो. आत हात घालून बघा, कप्प्याचा तळ सॅकच्या तळापासून दोन बोटं वर लटकता हवा. पाण्याची बाटली बाहेरच्या जाळीत, आत कधीच नाही.

दुकानात, मग ते लॅमिंग्टन रोडवरचं असो की मॉलमधलं, पाच मिनिटं एवढ्यावर घाला. झाकण एका बोटाने मधोमध उचला. खालचा भाग सोबत उचलला गेला तर बिजागरी घट्ट आहे. अशी बिजागरी वर्षभरात प्लॅस्टिकमध्ये बसवलेले पितळी नट ओढून काढते, विशेषतः झाकण कोपऱ्याला धरून उघडायची सवय असेल तर. मग बंद झाकणाच्या पाठीवर अंगठ्याने बेताने दाबा आणि उघडून स्क्रीनवर कळांचे ठसे उमटलेत का बघा. पुढच्या एका कोपऱ्याला धरून मशीन उचला, करकर ऐकू आली की खाली ठेवा. चार्जरची यूएसबी-सी पिन लावून वर-खाली हलवा, चार्जिंग तुटतं का बघा. शेवटी ब्राइटनेस पूर्ण वाढवून दाराशी उजेडात न्या. २५० निट्सचं (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) पॅनल काउंटरच्या ट्यूबलाइटखाली छान दिसतं आणि ट्रेनच्या खिडकीशी आरसा होतं. फिरतीला ४०० निट्स आणि मॅट (न चमकणारं), याखाली उतरू नये. चौदा इंचापेक्षा मोठा घेतलात तर विमानात पुढच्याने सीट मागे टाकली की स्क्रीनची वरची कड ट्रेच्या खाचेत अडकते.

जुना, रिफर्बिश्ड घ्यायला हरकत नाही. ग्रँट रोडला कॉर्पोरेट लीजवरून परत आलेले थिंकपॅड आणि डेलचे लॅटिट्यूड भरपूर असतात. मात्र इंटेलच्या आठव्या पिढीच्या मागचा नको, तो विंडोज ११ च्या यादीत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘powercfg /batteryreport’ टाइप करा. तयार झालेली फाइल उघडली की मूळ क्षमता आणि आत्ताची फुल चार्ज क्षमता समोर येते. ८० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करा. मग दुकानदारासमोरच रीसेट मारा आणि वायफाय जोडून सुरुवातीचा सेटअप करा. अनोळखी कंपनीचं लॉगिन मागितलं तर ते मशीन जुन्या मालकाच्या यादीतून निघालेलं नाही, आणि पुढे कितीही फॉरमॅट केलं तरी ते लॉगिन परत येणार. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड आहे का तेही तिथेच बघा.

पावसाळ्यातला मुख्य शत्रू सरीपेक्षा हवा. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन धरते तो, २६ अंशांच्या आसपास येतो. बीकेसीच्या २२ अंशांच्या एसीत दिवसभर बसलेलं मशीन बाहेर काढलं की त्यावर पाणी धरणारच, थंड पेल्यावर धरतं तसं. बाहेर पडल्यावर पंधरा-वीस मिनिटं सॅकमध्येच राहू द्या, मग उघडा. आणि कटिंग सांडलाच तर पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा, चार्जर काढा, उलट्या व्हीसारखं टेबलावर ठेवा. तांदळात पुरू नका. पाणी वाळेल, पण साखर आणि दूध बोर्डावर चिकटून राहतात आणि गंज धरतात. दिवसाच्या आत कारागिराकडून उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायला हवं. तोवर ‘चालू होतोय का बघू’ हा मोह सगळ्यात महाग पडतो.

नव्या मशीनवर पहिल्या दिवशी एक सेटिंग बदला. आजकाल झाकण मिटलं तरी विंडोज पूर्ण झोपत नाही, पार्श्वभूमीला नेटवर्क आणि अपडेट चालू राहतात. बंद सॅकमध्ये हवा नाही, मशीन तापतं, आणि लोणावळा येईतो बॅटरी अर्धी झालेली असते. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे झाकण मिटल्यावर काय व्हावं तो पर्याय, आणि दोन्ही रकान्यांत (बॅटरीवर आणि चार्जरवर) हायबरनेट, म्हणजे काम डिस्कवर साठवून मशीन पूर्ण बंद होणं. पर्याय दिसत नसेल तर त्याच पानावर वरची ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला’ अशा अर्थाची ओळ दाबून हायबरनेटला खूण करा. जागं व्हायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतील.

हॉटेलात दोन पिनी चार्जर लावल्यावर धातूच्या झाकणाला हात लागताच मुंग्या येतात, त्यावर बरेच जण लॅपटॉप बिघडला म्हणून सर्व्हिस सेंटरला जातात. अर्थिंग नसल्याने ॲडॅप्टरमधल्या कपॅसिटरमधून येणारी किरकोळ गळती असते ती. तीन पिनी वायर लावली आणि सॉकेटला अर्थ असला की थांबते.

वॉरंटी ऑनसाइट, म्हणजे माणूस तुमच्याकडे येऊन दुरुस्ती करेल अशी, घ्या आणि अपघाती नुकसानीची वेगळी भर टाका, कारण साध्या वॉरंटीत फुटलेलं पॅनल येत नाही. बिल कंपनीच्या जीएसटी नंबरावर करा, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. खोका फोडायच्या आधी खोक्यावरचा सिरीयल नंबर आणि फोडल्यावर मशीनच्या पोटावरचा नंबर जुळवा, आणि तोच कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कुठल्या तारखेपासून दाखवते ते काउंटरवर उभे असतानाच बघा. शोरूममध्ये सहा महिने चालू ठेवलेला डेमो पीस असाच सापडतो.