पुरस्कारांच्या यादीवरून मुलांची पुस्तके निवडताना

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून कोल्हापुरात राजारामपुरीतील आमच्या घरी शेजारच्या मुलांची दर रविवारी वाचनाची बैठक भरते. तिसरीपासून आठवीपर्यंतची मुले येत असल्यामुळे सगळ्यांना रुचेल असे काय आणावे, हा प्रश्न होता. त्यासाठी मी साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराची मराठी यादी हाताशी घेतली आणि त्याच सुमारास ‘किशोर’ मासिकाची वार्षिक वर्गणी भरली. दोन्हींच्या वापरानंतरचे माझे मत येथे नोंदवत आहे.

हा पुरस्कार २०१० पासून २४ भारतीय भाषांसाठी दिला जातो. ५० हजार रुपये आणि ताम्रपट असे त्याचे स्वरूप आहे. या यादीचा मोठा गुण असा की, चकचकीत पण मजकुराने पोकळ पुस्तकांच्या गर्दीतून ती आपल्याला आज मराठीत मुलांसाठी मनापासून लिहिणाऱ्या लेखकांपर्यंत नेते. सलीम मुल्ला यांचे ‘जंगल खजिन्याचा शोध’ (२०१९) मी आणले, ते लेखक आपल्याच जिल्ह्यातले आणि वन खात्यात काम करणारे आहेत म्हणून. परंतु सहावी-सातवीतल्या मुलांनी ते हातातून सोडले नाही आणि नंतर दाजीपूरच्या गव्यांविषयी इतके प्रश्न विचारले, की पुढच्या बैठकीसाठी मला राधानगरी अभयारण्याची माहिती जमवावी लागली. एकनाथ आव्हाड यांचा ‘छंद देई आनंद’ (२०२३) हा कवितासंग्रह धाकट्यांनी मोठ्याने म्हणत जवळजवळ पाठ केला. संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ (२०२२) वाचून चौथीतल्या एका मुलीने स्वतःची वही लिहायला घेतली, याचे मला फार समाधान वाटते.

उणिवाही आहेत. यादीत कादंबरी, कथा, कविता एकत्र येतात आणि पुस्तक कोणत्या वयासाठी आहे, याचा उल्लेख नसतो, ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ (२०१७) या पुस्तकात आठवीतला मुलगा रमला, तर तिसरीतल्यांना ते झेपले नाही. शिवाय शहरातील एका दुकानात यांपैकी एकही पुस्तक नव्हते, ती पुण्याहून मागवावी लागली.

मला अधिक खटकते ती चित्रकारांची उपेक्षा. लहान मूल आधी चित्र वाचते, पण अकादमीचा सन्मान लेखकालाच मिळतो. टाटा ट्रस्टच्या पराग उपक्रमाचा ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार मात्र लेखक आणि चित्रकार अशा दोघांना दिला जातो. २०१६ मध्ये त्याचा लेखनासाठीचा पहिला मान माधुरी पुरंदरे यांना मिळाला. स्वतःच्या पुस्तकांची चित्रेही स्वतः काढणाऱ्या लेखिकेपासून ही सुरुवात व्हावी, हे मला अतिशय उचित वाटते.

मासिकांचे कामही असेच मागे राहते. बालभारतीचे ‘किशोर’ नोव्हेंबर १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संगणकावर विनामूल्य वाचायला ठेवले आहेत. पुस्तकाला कंटाळणारी मुले आमच्याकडे आधी अंकातले कोडे सोडवतात, मग शेजारची गोष्ट वाचतात, आणि त्यांतली काही पुढे पुस्तकाकडे वळली. दर महिन्याला नवा मजकूर आणि चित्रे सिद्ध करणाऱ्या संपादकांसाठी अकादमीच्या पुरस्काराच्या तोलाचा स्वतंत्र राष्ट्रीय पुरस्कार असायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे. ज्यांना घरी सुरुवात करायची आहे, त्यांनी आधी मासिकाची वर्गणी भरावी, मुलांचा कल दोन-तीन अंकांत ओळखावा आणि मगच यादीतून पुस्तके मागवावीत.