पावसाळ्यातली बुरशी: एसीचा ड्राय मोड की डीह्युमिडिफायर?

भिंतीतून पाणी येत असेल तर यातलं काहीच घेऊ नका, आधी बाहेरून क्रॅक भरून वॉटरप्रूफिंग करून घ्या. पण गळती नाही आणि तरी जुलै लागला की कपाटातल्या बेल्टवर पांढरी लव येते, पर्स उघडली की कुबट वास, तर ती हवेतली ओल. मुंबई-ठाण्याकडे पावसात आर्द्रता 85-90 टक्के सहज असते आणि ती 60 च्या खाली राहिली तर बुरशीला फारसा वाव मिळत नाही.

आम्ही डोंबिवलीला राहतो, दोन्ही वापरून झालंय: एसीचा ड्राय मोड, म्हणजे गारव्यापेक्षा हवा कोरडी करायची सेटिंग, आणि डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून पाणी टाकीत जमवणारं यंत्र.

ड्राय मोडचं चांगलं म्हणजे एसी भिंतीवर आहेच, वेगळा खर्च नाही, पाणी पाइपने बाहेर जातं. मे महिन्यात, जूनच्या सुरुवातीला मला तरी छान वाटतो. गोची होते भर पावसात. बाहेरच मुळात 26-27 डिग्री असतं, त्यात खोली लगेच गार होते, मग कॉम्प्रेसर बंद पडतो आणि नुसता पंखा फिरत राहतो, म्हणजे कॉइलवर (एसीच्या आतल्या गार नळ्यांवर) जमलेलं पाणी परत खोलीतच. मध्यरात्री आई गुडघे दुखतात म्हणून उठून एसी बंद करणार, आम्ही गोधडीत गुरफटलेलो, आणि सकाळी खोलीत तोच वास, वर कपाटाचं दार फुगून असं घट्ट बसलेलं की पाय लावून ओढावं लागायचं. गारठा पण सोसायचा आणि ओल पण जायची नाही, यालाच मी वैतागलो. शिवाय कपाट आतल्या खोलीत असेल तर हॉलमधला एसी त्याला काय करणार?

डीह्युमिडिफायरचा त्रास नाही असं नाही. घरघर करतो, खोली थोडी गरम करतो, टाकी भरली की बंद पडतो, मग ती बादलीत ओता. आम्ही दुपारी खिडक्या लावून, कपाटाची दारं सताड उघडून तो आत सोडून देतो आणि हॉलमध्ये बसतो. वीज साधारण 200-300 वॉट, दीड टनी एसी जोरात चालताना हजाराच्या वर खातो. मोजमाप मी केलेलं नाही, पण दार आता एका बोटाने उघडतं आणि उघडा राहिलेला पापड संध्याकाळी पण मोडतो.

एअर प्युरिफायरचं पण लोक विचारतात. हेपा फिल्टर हवेतले बुरशीचे कण धरतो, दम्यावाल्यांना बरा, पण ओल तशीच राहते, म्हणजे बुरशी परत येणारच.

आधीची बुरशी मात्र हातानेच काढायची. एन-95 मास्क लावून, ओल्या फडक्याने, कोरडा ब्रश अजिबात नको, सगळं घरभर उडतं. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही घालू नका, क्लोरीन वायू होतो.

तुमच्याकडे एकच खोली असेल, एसी असेल आणि गारठा चालत असेल तर ड्राय मोडवर भागेल बहुतेक. नाहीतर मी डीह्युमिडिफायरच बघेन. फक्त कॉम्प्रेसरवालाच, निदान दिवसाला 10-12 लिटर पाणी काढणारा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे ते छोटे पेल्टियरवाले (कॉम्प्रेसर नसलेले, विजेच्या चिपने गार होणारे) दिवसभरात जेमतेम पेलाभर पाणी काढतात, एका कप्प्याला ठीक, खोलीला नाही.