घरी बनवलेले ब्रेक पाइप: आठ महिने, एक आख्खा पावसाळा आणि तो क्लॅम्प

गाडी १९९८ ची मारुती ८००. गोव्यातल्या केरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते, त्यात तेरेखोलच्या फेरीबोटीला भरतीच्या वेळी रॅम्पवर चाकं खाऱ्या पाण्यातनंच जातात. मिरगाच्या आधी रॅम्प उतरताना पेडल भसकन खाली गेलं. ब्रेकची दोन सर्किटं आहेत म्हणून गाडी थांबली, नाहीतर सरळ नदीत. पाइप फुटला होता मागच्या बाजूला, क्लिपच्या खाली, जिथे लाल माती अडकून ओलीच राहते. बाकी पाइप बऱ्यापैकी होता, पण क्लिपखाली नुसता गंजाचा पापुद्रा.

गॅरेजवाला म्हणाला, फ्रिजचा तांब्याचा पाइप घालतो, सगळे तेच घालतात. तिथेच आमचं वाजलं. नुसतं तांबं गाडीच्या थरथरीने कडक होत जातं नि एक दिवस तडकतं, आणि हा फ्लेअर (नटात बसणारं पाइपचं फुलवलेलं तोंड) मारणार सिंगल, ब्रेकच्या प्रेशरला डबल, म्हणजे कड दुमडून दुपदरी केलेलाच लागतो. वर पैसे सांगितले ते ऐकून मी गाडी टो करून घरी आणली आणि ४.७५ एमएमचा कॉपर-निकेल मिश्रधातूच्या पाइपचा रोल नि एक स्वस्तातला फ्लेअरिंग किट मागवला.

पाइपबद्दल एक शब्द तक्रार नाही. हाताने वळतो, गंजत नाही, जुने नट धुऊन तेच वापरले त्यामुळे आट्यांचा प्रश्नच आला नाही.

पण तो किटमधला क्लॅम्प! पाइप धरायच्या भोकांत दाते नावापुरते, वरून गुळगुळीत क्रोम. स्क्रू आवळला की पाइप मुंगीच्या पावलाने मागे सरकतो, डोळ्याला दिसत नाही, आणि फ्लेअर एका बाजूला जाड एका बाजूला पातळ. पहिले सहा तुकडे फुकट गेले, प्रत्येक तुकडा म्हणजे पैसे. तेव्हा मी किटला शून्य मार्क दिले होते.

ऑक्टोबरात मत बदललं. मागच्या डाव्या चाकाचा नट ओलसर दिसला, सोडून पाहिलं तर फ्लेअरच्या कडेला केसाएवढी चीर. आत मी कापल्यावरची धार तशीच सोडली होती, म्हणजे दोष सगळा क्लॅम्पचा नव्हता. आता कानशीने तोंड काटकोनात करतो, आतली-बाहेरची धार काढतो, क्लॅम्पची भोकं पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसतो, पाइप अडॅप्टरच्या (किटमधला तोंड फुलवायचा ठसा) पायरीएवढाच वर ठेवतो आणि पाइपजवळचा खटका आधी आवळतो. आणि नट फ्लेअरच्या आधी पाइपवर सरकवायचा, नंतर जातच नाही. इतकं केलं की त्याच क्लॅम्पवर दहातले नऊ फ्लेअर गोल येतात. तरी पुन्हा घ्यायचा झाला तर वाइसमध्ये बसणारा घेईन, थोडे जास्त गेले तरी चालतील, क्लॅम्पमध्ये काटकसर करू नका.

बसवल्यावर लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून हवा काढली. ब्रेक ऑइल नवीन डब्यातलंच घ्या, आपल्याकडच्या दमट हवेत उघडा डबा पाणी ओढतो. मग बायकोला पेडल दाबून धरायला लावून प्रत्येक नटाखाली कोरडा टिश्यू ठेवला. बदललेला जॉइंट कालपर्यंत कोरडा आहे. पुढचे दोन पाइप अजून कंपनीचेच आहेत, ते या मिरगाच्या आधी काढतो.